आजोबांची पदकं आणि डिस्चार्ज बुक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सातारा, कोल्हापूर, सांगली, रत्नागिरी, रायगड या पट्ट्यात जुन्या सैनिकाचे घर म्हटले की एक लोखंडी ट्रंक असतेच. तळाशी कापडात गुंडाळलेले चार-पाच बिल्ले आणि खाकी पाकिटात कागद, त्यात डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेले सेवेच्या नोंदींचे पुस्तक. त्या ट्रंकेविषयी लोक सतत जे विचारतात, ते इथे एकत्र केले आहे.

१. पेटीत पदकं सापडली. कुठल्या युद्धाची आहेत हे कसं ओळखायचं?

आधी आकार पाहा, मग राजाचे डोके, मग फीत. पहिल्या महायुद्धाची जोडी बहुतेक घरांत सारखीच सापडते. एक गोल चांदीचे ब्रिटिश वॉर मेडल. त्यावर पाचव्या जॉर्जचे डोके, मागे घोडेस्वार आणि १९१४, १९१८ ही वर्षे. दुसरे ब्राँझचे व्हिक्टरी मेडल. त्यावर राजा नाही, पंख असलेली विजयदेवता आहे आणि फीत इंद्रधनुषी. लढाईच्या सुरुवातीच्या काळात गेलेल्यांना यांच्या जोडीला १९१४ किंवा १९१४-१५ चा तारा मिळाला.

दुसऱ्या महायुद्धातले तारे सहा टोकांचे असतात आणि कोणता तारा ते त्याच्यावरच कोरलेले असते : बर्मा, आफ्रिका, इटली, १९३९-४५. सोबत सिंहाने दोन तोंडांचा ड्रॅगन पायाखाली घेतलेले वॉर मेडल, आणि भारताचा नकाशा असलेले इंडिया सर्व्हिस मेडल. हे शेवटचे फक्त भारतीय फौजांसाठी होते.

राजाऐवजी अशोकस्तंभ दिसला तर पदक स्वतंत्र भारताचे. १९६५ साठी समर सेवा स्टार आणि रक्षा मेडल, १९७१ साठी पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार आणि संग्राम मेडल. सैन्य सेवा मेडलच्या फितीवर ज्या भागात नोकरी झाली त्याच्या नावाची पट्टी असते. ती पट्टी सुटली तर पदकाचा अर्धा इतिहास गेला, म्हणून ती आधी मोजून घ्या.

२. कडेवर बारीक अक्षरं आहेत. ती कशी वाचायची?

पदक सपाट धरू नका, उभे धरा आणि टॉर्चचा उजेड बाजूने टाका. भिंग असेल तर उत्तम. क्रम बहुधा असा असतो : नंबर, हुद्दा, नाव, पलटण. हुद्दे रोमन लिपीत तोडून लिहिलेले असतात. ‘एच-ए-व्ही’ म्हणजे हवालदार, ‘जे-ई-एम’ म्हणजे जमादार (आजचा नायब सुभेदार), ‘एस-पी-आर’ म्हणजे सॅपर (इंजिनिअर दलाचा जवान). ‘डी-व्ही-आर’ म्हणजे ड्रायव्हर, पण पहिल्या महायुद्धात तो बहुतेक वेळा मोटारीचा नव्हे, खेचरांचा.

पलटणीचा आकडा पाहून गोंधळू नका. १०३, १०५, ११०, ११६, ११७ या मराठा पलटणी १९२२ च्या फेररचनेत पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियनी झाल्या आणि ११४ वी तिची प्रशिक्षण बटालियन झाली. म्हणजे १९१९ च्या पदकावर ‘११०’ आणि १९४५ च्या पदकावर ‘५ मराठा’ दिसले, तरी बाप आणि मुलगा एकाच पलटणीत असू शकतात. त्या काळचे नंबर पलटणीपुरते होते. एकच नंबर दोन पलटणींत दोन वेगळ्या माणसांचा असे, त्यामुळे नुसत्या नंबरावरून शोध घेऊ नये.

३. कडेवर नावच नाही. म्हणजे पदक खोटं?

लगेच तसे समजू नका. दुसऱ्या महायुद्धाची ब्रिटनमधून दिलेली पदके बिननावाची असत. भारतीय सैनिकांच्या पदकांवर मात्र अनेकदा नाव ठोकलेले सापडते. स्वतंत्र भारताचे पदक बिननावाचे असेल तर ते बहुधा परेडसाठी दुकानातून घेतलेली प्रत असते. अधिकृत पदक हाती यायला वर्षे लागत आणि अंगावर फीत तर लगेच लावायची, म्हणून जवान ती विकत घेत. माणूस खरा, सेवा खरी, फक्त धातू दुकानातला. अशा वेळी पुरावा पदकात नसतो, डिस्चार्ज बुकात असतो (प्रश्न ५ आणि ९).

खरा संशय घ्यायचा तो पहिल्या महायुद्धाचे चांदीचे पदक बिननावाचे असेल तेव्हा. कॅलिपरने व्यास मोजा. तो ३६ मिलिमीटर हवा. कुठेतरी कमी भरला किंवा कड एका जागी खोलगट लागली, तर कोणीतरी मूळ नाव घासून काढले आहे.

४. सैनिक स्वतः कोणत्या पदकाला जास्त मानत?

घरच्यांचा अंदाज इथे सर्वांत जास्त चुकतो. ट्रंकेतले सर्वांत चकचकीत पदक आजोबांना सर्वांत प्रिय असेलच असे नाही. १५ ऑगस्ट १९७२ ला जे नोकरीत होते त्यांना स्वातंत्र्याच्या २५ व्या वर्धापनाचे पदक मिळाले. ते सगळ्यांकडे असते, त्याचे कोणी कौतुक करत नाही. युद्धाच्या पदकात जवान पट्टी पाहतो. कुठे होतास, कोणत्या साली, ही दोन उत्तरे फितीवरून मिळतात आणि जुने सैनिक एकमेकांच्या छातीकडे बघून ती वाचतात.

दीर्घ सेवा आणि सदाचाराचे पदक घरच्यांना साधे वाटते. सैनिकाला ते फार मोठे वाटते, कारण ते मिळवायला कागद स्वच्छ लागतो. एक लाल शाईची, म्हणजे शिक्षेची, नोंद पडली की ते हुकले. घावासाठीचे पराक्रम पदक मागून कोणी घेत नाही, म्हणून त्याच्याविषयी बोलणेही कमी होते.

शौर्यपदकांची गोष्ट निराळी. ब्रिटिश काळात इंडियन ऑर्डर ऑफ मेरिट हे भारतीय जवानाचे मोठे शौर्यपदक होते. ईस्ट इंडिया कंपनीने ते १८३७ मध्ये सुरू केले. व्हिक्टोरिया क्रॉस भारतीयांना खुला झाला तो १९११ मध्ये. ऑर्डर ऑफ मेरिटबरोबर पगारात वाढ मिळे, त्यामुळे मान आणि पैसा दोन्ही त्या एका पदकाला जोडलेले होते. मराठा लाइट इन्फंट्रीला दुसऱ्या महायुद्धात दोन व्हिक्टोरिया क्रॉस मिळाले, दोन्ही इटलीत : नाईक यशवंत घाडगे यांना १० जुलै १९४४ च्या लढाईसाठी मरणोत्तर, आणि शिपाई नामदेव जाधव यांना ९ एप्रिल १९४५ ला सेनियो नदीवर केलेल्या कामगिरीसाठी. पलटणीतल्या बाकीच्या जवानांनाही ते आपलेच वाटतात. ‘आमच्या पलटणीला दोन’ असेच ते सांगतात.

परमवीर चक्राची रचना सावित्री खानोलकर यांची. जन्माने त्या युरोपीय, लग्नाने मराठी लष्करी घरातल्या. पदक ब्राँझचे आहे, चांदीचेसुद्धा नाही, आणि फीत जांभळी. धातूवरून दर्जा ठरवणाऱ्यांनी हे एक उदाहरण लक्षात ठेवावे.

५. पदकं आहेत ना, मग जुने कागद ठेवायची काय गरज?

कागद आधी ठेवा. सैनिकानेही तेच केले होते. पदके कापडात, पण डिस्चार्ज बुक आणि पेन्शनचा कागद मेणकापडात, असे अनेक ट्रंकांत दिसते. बिल्ला दाखवून पेन्शन सुरू होत नसे, तालुक्याला काम होत नसे. कागदाने होत असे.

ठेवायचे ते असे : डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश (पीपीओ), सनदा, सायटेशनचा (कामगिरीच्या वर्णनाचा) कागद, डिस्पॅचमध्ये (वरिष्ठांच्या लढाईच्या अहवालात) नाव आल्याचे प्रमाणपत्र, कमेंडेशन कार्ड (प्रशंसापत्र), पदकाचे मूळ खोके आणि ज्यातून ते आले ते पाकीटसुद्धा. पाकिटावरचा पत्ता आणि टपालाचा शिक्का पदक केव्हा आणि कोणाच्या हाती आले ते सांगतो. काही घरांत पहिल्या महायुद्धानंतरच्या जंगी इनामाचे कागद असतात. ते जमिनीच्या फायलीत जाऊन बसलेले असतात, तिथेही बघा.

एक बारीक वस्तू हमखास हरवते. डिस्पॅचमध्ये नाव आले की वेगळे पदक मिळत नाही. फितीवर एक छोटे पान लावतात, ब्रिटिश काळात ओकचे, स्वतंत्र भारतात कमळाचे. लोक ते तुटलेली पिन समजून टाकून देतात.

६. आमचे पणजोबा महार पलटणीत होते असं सांगतात. त्यांच्या कागदांचं महत्त्व वेगळं आहे का?

आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस महारांची सैन्यभरती बंद झाली आणि पिढ्यांची नोकरी एका फटक्यात गेली. त्यानंतर सेवेचे जुने दाखले हे नुसती आठवण राहिले नाहीत, भरती पुन्हा खुली करण्याच्या मागणीचा आधार झाले. १८९० च्या दशकात निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकर यांनी आणि १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्ज केले, ते पूर्वजांच्या लष्करी सेवेचा हवाला देऊनच. १११ वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट पुन्हा उभी राहिली १९४१ मध्ये, बेळगावला. मधल्या वीस वर्षांतले कागद दुर्मीळ, आणि १११ वी पलटण अल्पायुषी असल्याने तिचे नाव कडेवर असलेले पदकही दुर्मीळ. असे काही हाती आले तर आधी प्रश्न १३ वाचा आणि मगच त्याला हात लावा.

७. ताटलीएवढी जड ब्राँझची तबकडी आहे. पदक नाही वाटत. काय आहे?

पहिल्या महायुद्धात मरण पावलेल्यांच्या वारसांना दिलेली स्मृतितबकडी. व्यास सुमारे १२० मिलिमीटर, वर ब्रिटानिया आणि सिंह. त्यावर फक्त नाव असते, हुद्दा नाही आणि पलटणही नाही. मेलेल्यांत दर्जाचा फरक नको म्हणून ते मुद्दाम तसे केले. त्यामुळे नुसत्या तबकडीवरून माणूस शोधता येत नाही. सोबतची जोडी पदके किंवा कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ज कमिशनची (युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारके सांभाळणाऱ्या संस्थेची) नोंद लागते. काही घरांत ती देवघरात असते आणि तिला रोज हळदकुंकू लागते. तसेच चालू ठेवायचे असेल तर ठेवा, फक्त ओले कुंकू कोरड्या कापडाने लगेच टिपा. ओल राहिली की ब्राँझ हिरवे पडते.

८. इंटरनेटवर नाव शोधलं, काहीच सापडत नाही. का?

स्पेलिंगमुळे. कारकुनाने ऐकले तसे लिहिले. पवारचे स्पेलिंग ‘ओ’ घालून, शिंदेचे ‘एस’ने, मराठाचे जादा ‘एच’ घालून, साताऱ्यात दोन ‘टी’. आडनाव अनेकदा गाळून फक्त नाव आणि बापाचे नाव असते. म्हणून तीन-चार प्रकारे शोधा आणि गाव, तालुका, पलटण यांची जोड द्या.

मृत सैनिकांसाठी वॉर ग्रेव्ज कमिशनची मोफत यादी. ब्रिटिश काळच्या शौर्यपदकांसाठी लंडन गॅझेट (ब्रिटिश सरकारचे राजपत्र), तेही मोफत. १९४७ नंतरच्या शौर्यपदकांची सायटेशन भारत सरकारच्या शौर्य पुरस्कारांच्या संकेतस्थळावर. साध्या सेवापदकाचा तपशील मात्र रेकॉर्ड ऑफिसलाच, म्हणजे त्या त्या रेजिमेंटच्या सेवानोंदी ठेवणाऱ्या कार्यालयात. मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला, महार रेजिमेंटचे सागरला, बॉम्बे सॅपर्सचे खडकीला, तोफखान्याचे नाशिक रोडला, चिलखती दलाचे अहमदनगरला (आता अहिल्यानगर), गार्ड्सचे कामठीला. अर्जात नंबर, नाव, बापाचे नाव, गाव आणि डिस्चार्जची तारीख द्या. नंबर नसेल तर उत्तराला वेळ लागतो किंवा येतच नाही.

९. पदक आहे, पण डिस्चार्ज बुकात त्याची नोंद नाही. आता?

पदक मंजूर झाल्यावर युनिट पार्ट टू ऑर्डर (जवानाच्या सेवेतल्या नोंदींचा अधिकृत आदेश) काढते आणि त्यावरून सेवापत्रकात नोंद होते. युनिट हलले, ऑर्डर निघाली नाही, किंवा जवान आधीच घरी आला, की नोंद राहते. रेकॉर्ड ऑफिसला पदकाच्या कडेचा स्पष्ट फोटो, डिस्चार्ज बुकाची प्रत आणि मूळ पत्र असेल तर त्याची प्रत जोडून दुरुस्तीचा अर्ज करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत पाठवलेला अर्ज सहसा जास्त सरळ जातो. डिस्चार्ज बुकात स्वतःच्या हाताने काहीही लिहू नका, अगदी पेन्सिलनेही. मग खऱ्या नोंदीवरही संशय येतो.

१०. पदकामुळे दरमहा पैसे मिळतात का?

फक्त शौर्यपदकाला. १ ऑगस्ट २०१७ पासूनचे केंद्राचे मासिक दर : परमवीर चक्र २०,००० रुपये, अशोक चक्र १२,०००, महावीर चक्र १०,०००, कीर्ती चक्र ९,०००, वीर चक्र ७,०००, शौर्य चक्र ६,०००, सेना मेडल (शौर्य) २,०००. राज्य सरकारचे अनुदान याहून वेगळे, त्यासाठी जिल्हा कार्यालयात जावे लागते. आजचा दरही तिथेच विचारून घ्या.

अडचण येते ती सेना मेडलची. ते शौर्यासाठीही मिळते आणि विशिष्ट सेवेसाठीही, भत्ता फक्त पहिल्याला. पदक बघून फरक कळत नाही, राजपत्रातील अधिसूचना लागते. कमेंडेशन कार्डाला हा भत्ता नाही.

शिक्षणातील आरक्षणात शौर्यपदकधारकांच्या मुलांना स्वतंत्र प्राधान्यक्रम आहे आणि त्यात डिस्पॅचमध्ये नाव आलेल्यांचाही समावेश होतो. म्हणून प्रश्न ५ मधले ते छोटे पान आणि त्याचे प्रमाणपत्र टाकू नका.

११. पदकं काळी पडलीत. पितांबरी किंवा ब्रासो लावू का?

नको. चांदीवरचा काळेपणा हा गंधकाचा थर आहे, तो धातूला खात नाही. पॉलिश मात्र खाते. दर दिवाळीला घासलेल्या पदकावर राजाचे नाक सपाट होते आणि कडेचे नाव पुसट होते. मग प्रश्न २ मधला टॉर्चही कामाला येत नाही. चिंच आणि लिंबू तर अजिबात नको.

हात धुऊन कोरडे करा, मऊ सुती कापडाने धूळ टिपा, संपले. मेणचट डाग असेल तर फीत काढून, कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एक थेंब टाकून, लगेच पूर्ण कोरडे करा. तारे आणि ब्राँझला पाणी नकोच. हिरवी भुकटी सुटत असेल तर ते पदक बाकीच्यांपासून वेगळे ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. घासली तर ती पसरते.

१२. फीत विरली आहे. नवी लावू?

घालायची असेल तर नवी लावा, पण जुनी आम्लविरहित कागदात घडी न घालता ठेवा. ब्रिटिश पदकांची फीत ३२ मिलिमीटर रुंद असते. बाजारात मिळणारी नायलॉनची असते, जुनी रेशमी किंवा सुती. जुन्या फितीवरचे टाके आणि पिनेची भोके तिला किती वेळा छातीवर लावले ते सांगतात. ती फेकण्याइतकी घाई कशाला?

१३. कागद कसे जपायचे? कोकणात तर पावसाळ्यात सगळं भिजतं.

आधी टाचण्या, यू-पिना आणि रबरबँड काढा. टाचणी गंजते, रबर वितळून कागदाला आणि चांदीलाही डाग पाडते. घडी जबरदस्तीने उलगडू नका. दमट दिवशी कागद थोडा मऊ झाला की हळूच उघडा. स्वच्छ कोऱ्या आम्लविरहित कागदात एकेक पान ठेवून पॉलिस्टरच्या पारदर्शक पाकिटात घाला. स्वस्त पीव्हीसीची पाकिटे टाळा. ती चिकटतात, शाई ओढून घेतात आणि पदकाला हिरवे करतात. वर्तमानपत्रात तर कधीच गुंडाळू नका.

डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला. डांबरगोळ्या कागदाला आणि फितीला भिडू देऊ नका. ट्रंक जमिनीवर नको, विटांवर हवी, भिंतीपासून वीतभर लांब. वाळवी भिंतीतून येते.

त्याच वेळी स्कॅन करा, दोन्ही बाजू, कोऱ्या दिसणाऱ्यासुद्धा. मजकुराला ३०० डीपीआय चालतो. फोटो, शिक्के आणि सह्यांना ६००. फायलीच्या नावात नंबर, नाव, कागदाचा प्रकार आणि वर्ष लिहा. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत ही जपलेली प्रत नव्हे.

१४. सनद आधीच लॅमिनेट करून टाकली आहे.

उघडायचा प्रयत्न करू नका, शाई प्लास्टिकला चिकटून येते. चांगले स्कॅन करा, उन्हापासून आणि उष्णतेपासून दूर सपाट ठेवा आणि पुढचे कागद वाचवा.

१५. फ्रेम करायची आहे. पदकांचा क्रम काय?

सर्वांत वरचे पदक घालणाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे. फ्रेमवाले हा क्रम हमखास उलटा लावतात. आधी शौर्यपदके, मग युद्धाची, मग सेवेची. एकाच माणसाकडे ब्रिटिश आणि स्वतंत्र भारताची दोन्ही पदके असतील तर भारताची आधी, १९४७ पूर्वीची नंतर.

गोंद, फेविकॉल, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप यांना मनाई करा. फीत दोऱ्याने कापडी पाटीवर शिवून घ्या, पदक काचेला टेकू देऊ नका. फ्रेममध्ये मूळ सनद नको, रंगीत प्रत लावा. उन्हाच्या भिंतीवर फितीचा रंग काही वर्षांतच उडतो.

१६. २६ जानेवारीला आजोबांची पदकं मी छातीवर लावू शकतो का?

स्वतःची म्हणून, डाव्या छातीवर, नाही. सैनिकाचा गणवेश किंवा चिन्ह आपण सैनिक आहोत असे भासवण्याच्या हेतूने वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. हुतात्म्याच्या जवळच्या नातलगांना युद्धस्मारकावरील आदरांजलीच्या कार्यक्रमात ती उजव्या छातीवर लावण्याची मुभा सैन्याने दिलेली आहे. वीरपत्नीच्या छातीवर उजवीकडे पदक दिसले तर त्याचा अर्थ हा आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात नातवाने खरे पदक लावून नाचावे हे नियमापेक्षा पदकाच्या दृष्टीने वाईट. स्टेजवर पडलेले कमळाचे पान कोणाला सापडत नाही.

१७. पदक हरवलं. दुसरं मिळेल?

१९४७ नंतरचे असेल तर पोलिसांत हरवल्याची नोंद, प्रतिज्ञापत्र, डिस्चार्ज बुकाची प्रत आणि अर्ज, हे सगळे रेकॉर्ड ऑफिसकडे. हरवले कसे हे खरे लिहा. त्यापूर्वीचे असेल तर मूळ परत मिळण्याची आशा धरू नये. प्रत घेतलीत तर तिच्या मागच्या कागदावर ‘प्रत’ असे लिहा, नाहीतर पुढच्या पिढीला ती खरी वाटेल आणि तिच्यावरून भांडण होईल.

१८. सोनार चांदीच्या भावाने घेतो म्हणतो. द्यावं का?

ब्रिटिश वॉर मेडलमध्ये सुमारे ३१ ग्रॅम, म्हणजे पावणेतीन तोळ्यांच्या आत-बाहेर स्टर्लिंग चांदी असते. १९८० च्या सुरुवातीला जगभर चांदीचा भाव भडकला तेव्हा अशी असंख्य पदके वितळली. म्हणून आज अनेक घरांत ब्राँझचे व्हिक्टरी मेडल आहे आणि चांदीची जोडी नाही. संग्राहक मोल लावतो ते कडेवरच्या नावाला आणि सोबतच्या कागदांना. सोनार लावतो ते वजनाला. विकायचेच असेल तर निदान सोनाराकडे नको. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूला पुरावशेष कायदा लागू होऊ शकतो, तो भाग प्रश्न २० मध्ये आहे.

१९. चौघे भाऊ आहोत. प्रत्येकाने एकेक पदक घ्यायचं ठरलंय.

ठरलेले बदला. एकाच नंबराची पदके एकत्र असतील तर ती एका माणसाची पूर्ण नोकरी दाखवतात. वेगळी झाली की प्रत्येकाकडे एक गोल तुकडा राहतो. मूळ संच एकाकडे, डिस्चार्ज बुकासह. बाकीच्यांना ‘प्रत’ म्हणून नोंदवलेल्या प्रती आणि संपूर्ण स्कॅन. कोणाकडे काय आहे ते एका कागदावर लिहून चौघांच्या सह्या घ्या. कोणाचीच तयारी नसेल तर संच रेजिमेंटच्या संग्रहालयाला देण्याचा पर्याय आहे, पण देताना पोच आणि वस्तूंची यादी लेखी घ्या.

२०. मुलगी अमेरिकेत आहे, तिला पणजोबांची पदकं हवीत. पाठवू का?

पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृती कायदा, १९७२ प्रमाणे शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुना ऐतिहासिक दस्तऐवज देशाबाहेर नेता येत नाही. पहिल्या महायुद्धाची पदके आता त्या वयाची झाली आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धातले डिस्चार्ज बुकही कागद म्हणून पंचाहत्तरी ओलांडून गेले आहे. सामानात घालण्याआधी पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला वस्तूंचे फोटो दाखवून ती पुरावशेषात मोडत नाहीत असे प्रमाणपत्र मिळते का ते विचारा. विमानतळावर कस्टम्सने थांबवल्यावर विचारून उपयोग नसतो. तोवर तिला ६०० डीपीआयचे स्कॅन आणि कडेवरच्या अक्षरांचे तिरक्या उजेडातले फोटो पाठवा.